गोठ्याच्या दारातील पैदास : बायफ संस्थेची वाटचाल आणि वऱ्हाड

पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे १९६७ च्या ऑगस्ट महिन्यात 'भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन' या नावाने स्थापन झालेली आणि पुढे 'बायफ' या आद्याक्षरांच्या नावानेच गावोगाव ओळखली जाऊ लागलेली संस्था ही, सरकारी पशुसंवर्धन खात्याच्या बरोबरीने, महाराष्ट्रातील गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या इतिहासाचा एक मुख्य आधार आहे. कृत्रिम रेतन म्हणजे निवडक वळूचे वीर्य गोळा करून, तपासून, त्याच्या अनेक मात्रा तयार करून, माजावर आलेल्या मादीच्या गर्भाशयात साधनाच्या साहाय्याने सोडणे. या तंत्राचा शोध बायफने लावला नाही आणि देशात ते प्रथम वापरण्याचा मानही तिचा नाही. तिचे वेगळेपण असे, की प्रयोगशाळेतील हे तंत्र पशुपालकाच्या गोठ्याच्या दारापर्यंत नेण्याची रीत तिने बसवली. ही रीत ऊसपट्ट्यात ज्या सहजतेने रुजली, त्या सहजतेने वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या कोरडवाहू गावांच्या मुलखात का रुजली नाही, हा प्रश्नही या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो बाजूला ठेवून लिहिलेला इतिहास अर्धाच राहील.

कृत्रिम रेतनाचा पहिला यशस्वी प्रयोग इटलीतील लाझारो स्पालान्झानी या संशोधकाने १७८० मध्ये कुत्रीवर केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इल्या इवानोव्ह यांनी घोडी व गाईंसाठी त्याला शास्त्रीय बैठक दिली, आणि १९३० नंतर डेन्मार्कमधील पशुवैद्यांनी गुदाशयात हात घालून गर्भाशयमुख धरण्याची व त्यातून वीर्य आत सोडण्याची पद्धत रूढ केली, जी आज धनजच्या गोठ्यातही तशीच वापरली जाते. भारतात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी हल्लीकर गाईंवर हा प्रयोग केला. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेतील 'की व्हिलेज' योजनेने निवडक गावांच्या समूहांत रेतन केंद्रे उघडली. या सर्व प्रयत्नांना एक अडचण आडवी येत होती. त्या काळचे वीर्य बर्फात थंड ठेवून वापरले जात असे आणि ते दोनतीन दिवसांपलीकडे उपयोगी राहत नसे. त्यामुळे जिथे वळू, तिथेच केंद्र, आणि केंद्रापर्यंत गाय चालवत नेणे हे पशुपालकाचे काम, अशी व्यवस्था होती. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रजंतू गोठवल्यावरही जिवंत राहतात. या शोधामुळे वीर्य आणि वळू यांची ताटातूट शक्य झाली, आणि बायफसारख्या संस्थेच्या कार्याला जागा निर्माण झाली.

संस्थेचे संस्थापक मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा तरुण १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेला, सुटल्यावर सेवाग्रामला गांधीजींकडे आला, आणि मार्च १९४६ मध्ये गांधीजी निसर्गोपचाराच्या प्रयोगासाठी उरुळी कांचनला आले तेव्हा त्यांच्यासोबत तेथे पोहोचला. गांधीजी काही दिवसांनी निघून गेले, परंतु तेथे सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी मणिभाईंकडे आली आणि हे गाव सोडणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. १९८२ मध्ये त्यांना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा मानपत्रात या ३६ वर्षांपूर्वीच्या शब्दाचाच उल्लेख करण्यात आला. आश्रमाची गोशाळा, शाळा, शेती आणि परिसरातील सहकारी साखर कारखानदारी या सर्वांत त्यांचा हात होता. पण त्यांच्या अभ्यासाचा गाभा गाय हाच होता. सौराष्ट्रातून आणलेल्या गीर गाईंचा कळप त्यांनी अनेक वर्षे निवड पद्धतीने सांभाळला, म्हणजे प्रत्येक वेताचे दूध मोजून, नोंदी ठेवून, उत्तम गाईचीच वंशवेल पुढे चालवून तो सुधारला. संस्थेच्या पुढील शिस्तीचे मूळ या नोंदवह्यांत आहे.

या टप्प्यावर मणिभाईंनी घेतलेला निर्णय संस्थेच्या इतिहासात सर्वांत धाडसाचा आणि सर्वांत वादाचा मानावा लागतो. गांधीविचारात गोसेवा ही देशी गाईची सेवा होती. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवा संघाचे काम हाती घेतले तेव्हा विदर्भाच्या गवळाऊ जातीचे जतन हा त्याचा एक भाग होता. अशा परंपरेतून आलेल्या आणि स्वतः गीर कळप घडवलेल्या कार्यकर्त्याने होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी या परदेशी जातींच्या वीर्याने गावठी गाईंचा संकर करण्याचा मार्ग स्वीकारावा, हे अनेकांना खटकणे स्वाभाविक होते. मणिभाईंचा विचार असा होता, की शुद्ध देशी जातीचा निवड पद्धतीने विकास करण्यास अनेक पिढ्या लागतात, तर कोणत्याही ठरावीक जातीत न बसणाऱ्या, दिवसाला लिटरदीड लिटर दूध देणाऱ्या गावठी गाईच्या पोटी संकरित कालवड जन्मली, तर तीनेक वर्षांतच ती गरीब कुटुंबाला रोजचे उत्पन्न देऊ लागते. म्हणजे गाय विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने आपल्या गोठ्यातील गाईतूनच चांगली गाय निर्माण करायची. या युक्तिवादात ताकद आहे आणि त्याचे श्रेय संस्थेला द्यावेच लागेल. मात्र त्यात एक गृहीत दडलेले होते, ते म्हणजे त्या कालवडीला पोटभर हिरवा चारा, पाणी आणि सावली मिळेल, आणि तिचे दूध रोज कोणीतरी विकत घेईल. हे गृहीत पुढे वऱ्हाडात कसाला लागले.

संस्थेच्या कामाची बांधणी समजण्यासाठी गाईच्या शरीरधर्माकडे पाहावे लागते, कारण सारे वेळापत्रक त्याने ठरवले आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज १२ ते १८ तास टिकतो. हंबरणे, चारा कमी खाणे, दुसऱ्या गाईने अंगावर चढले तरी स्थिर उभे राहणे आणि योनीतून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबणे ही त्याची चिन्हे होत. स्त्रीबीज माज संपल्यानंतर १० ते १२ तासांनी बाहेर पडते आणि ते थोडेच तास फलनक्षम राहते. म्हणून सकाळी माज दिसलेल्या गाईला संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेल्या गाईला दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा नियम जगभर पाळला जातो. हा मुहूर्त चुकला, तर गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. एक उलटलेला माज म्हणजे तीन आठवड्यांचा चारा वाया, आणि असे चार माज गेले तर गाय जवळपास तीन महिने अधिक भाकड राहते. म्हशीत तर अडचण आणखी वाढते, कारण उन्हाळ्यात म्हैस बहुधा मुका माज दाखवते. ती हंबरत नाही, बाह्य लक्षणे क्षीण असतात, आणि पहाटे गोठा झाडणाऱ्या बाईच्या नजरेखेरीज ती कोणाच्या ध्यानात येत नाही. या नजरेची नोंद पैदाशीच्या अहवालांत होत नाही, पण रेतनाचे यशापयश पहिल्यांदा तिच्यावर ठरते.

गाय केंद्रावर नेण्याच्या जुन्या व्यवस्थेत हा मुहूर्त साधणे कठीण होते. माजावरची गाय चारपाच किलोमीटर उन्हात चालवायची, त्यासाठी घरातील एका माणसाची मजुरी बुडवायची, आणि पोहोचल्यावर केंद्र बंद असेल तर तशीच परत आणायची, हे लहान शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. बायफने क्रम उलटा केला. उरुळी कांचन येथील केंद्रीय संशोधन स्थानकात वळू ठेवण्यात आले आणि सत्तरच्या दशकात गोठवलेल्या वीर्याच्या वापरावर कामाची उभारणी झाली. वळूचे वीर्य कृत्रिम योनी या नळीवजा साधनात गोळा केले जाते. एका वेळी मिळणाऱ्या सुमारे पाच मिलिलिटर वीर्यात काही अब्ज शुक्रजंतू असतात. अंड्यातील बलक, ग्लिसरीन, क्षार व प्रतिजैविके यांच्या द्रावणात ते पातळ करून पाव मिलिलिटरच्या बारीक प्लास्टिक नळ्यांत भरतात, ज्यांना रेतकांडी म्हणतात, आणि द्रव नत्राच्या वाफेत गोठवून उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव नत्रात बुडवून ठेवतात. प्रत्येक कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू ठेवले, तरी एका वेळच्या वीर्यातून दोनअडीचशे मात्रा होतात. गावातला मोकळा वळू वर्षाकाठी पन्नाससाठ गाई फळवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. शिवाय नैसर्गिक संयोगातून गाईगाईंत पसरणारे सांसर्गिक गर्भपातासारखे रोग तपासलेल्या वळूच्या वीर्यातून पसरत नाहीत, हा लाभ दुधाइतकाच मोलाचा आहे.

या कांड्या नत्राच्या जारमधून केंद्राकेंद्रांवर जातात. केंद्राचा तंत्रज्ञ आसपासच्या दहापंधरा गावांसाठी नेमलेला असतो. निरोप आला की तो लहान जार मोटारसायकलला बांधून गोठ्यात पोहोचतो, कांडी ३७ अंश तापमानाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवून पुसतो, कापून रेतनाच्या बंदुकीत चढवतो, आणि डावा हात गुदाशयातून घालून गर्भाशयमुख पकडून त्याच्या आतल्या टोकाशी वीर्य सावकाश सोडतो. दोनअडीच महिन्यांनी तोच पुन्हा येऊन गर्भतपासणी करतो आणि वासरू झाल्यावर त्याचीही नोंद घेतो. कामाचे मोजमाप केलेल्या रेतनांवर न ठरता राहिलेल्या गाभण गाई आणि जन्मलेल्या वासरांवर ठरावे, हा या पद्धतीचा कणा आहे. या साखळीतला सर्वांत हळवा दुवा जार आहे. द्रव नत्र सतत उडून जाते, ते वेळेवर भरले नाही किंवा कांडी जारच्या तोंडाशी काही क्षण अधिक धरली गेली, तर आतले शुक्रजंतू मरतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गाय मात्र उलटते, आणि पशुपालक दोष गाईला किंवा तंत्रज्ञाला देतो.

पश्चिम महाराष्ट्रात ही रीत वेगाने फोफावली. सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या कार्यक्षेत्रात केंद्रे चालवण्यासाठी बायफशी करार केले. ऊसतोडणीच्या हंगामात वाढ्यांचा चारा मुबलक होता, विहिरीवर व कालव्यावर लसूणघास उभा होता, दूध संघांच्या गाड्या पहाटे दारात येत होत्या आणि पुढे मुंबई-पुण्याची बाजारपेठ होती. संस्थेने काम रेतनापुरते ठेवले नाही. लाळ्या-खुरकुतावरील लस, सुबाभळीसारख्या चारावृक्षांचा प्रसार, आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागातील वांसदा येथून सुरू झालेला फळबागांचा 'वाडी' कार्यक्रम ही तिची इतर अंगे होत. त्यांचा इतिहास स्वतंत्र आहे. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाईंचे निधन झाले आणि त्यांच्यानंतर डॉ. नारायण हेगडे यांनी संस्थेची धुरा सांभाळली. तोपर्यंत महाराष्ट्राबाहेरील अनेक राज्यांत तिची पशुविकास केंद्रे पोहोचली होती.

वऱ्हाडाची गोष्ट वेगळ्या मातीतली आहे. इथे गाय प्रामुख्याने दुधासाठी पाळली जात नव्हती, ती बैलासाठी पाळली जात होती. काळ्या कसदार जमिनीत कपाशीच्या तासांतून डवरा आणि वखर ओढणारा, लहान चणीचा, चपळ, कमी चाऱ्यावर निभावणारा उमर्डा बैल हे या मुलखाचे पशुधन होते, आणि पूर्वेकडे गवळाऊ. गाईची किंमत तिने किती लिटर दूध दिले यावर नव्हे, तर तिच्या पोटी गोऱ्हा कसा निपजला यावर होत असे. पोळ्याच्या दिवशी धनजमध्ये किंवा कारंज्यात ज्याची पूजा होते, तो या अर्थव्यवस्थेचा आधार होता. अशा गाईच्या पोटी होल्स्टीनच्या वीर्याने जन्मलेला, वशिंड नसलेला, जू न पेलणारा आणि वैशाखाच्या उन्हात धापा टाकणारा गोऱ्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने तोट्याचा होता. म्हणून वऱ्हाडातील शेतकऱ्याने संकराबाबत दाखवलेला संकोच मागासलेपणात जमा करणे अन्यायाचे होईल. तो आपल्या शेतीच्या हिशेबाला धरून वागत होता.

पुढे हा हिशेबच बदलला. ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी ठेवणे अनेकांना जड झाले. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि त्याबरोबर कडबा गेला. ज्वारीचा कडबा हा वऱ्हाडातील जनावरांचा बारमाही आहार होता, सोयाबीनचे कुटार त्याची जागा पुरतेपणी भरून काढत नाही. म्हणजे बैलाची गरज घटल्याने दुधाळ गाईला वाव मिळाला, त्याच वेळी तिच्या दावणीतला चाराही आटला. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केल्यावर शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले आणि त्यात अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याची तरतूद होती. बाहेरून आणलेल्या, भरपूर खाणाऱ्या गाई कोरडवाहू कुटुंबाच्या दारात बांधल्याने काय होते, हे तेव्हा अनेक गावांनी पाहिले. चाऱ्याचा व ढेपेचा खर्च दुधाच्या पैशापेक्षा वर गेला आणि कित्येकांनी ती जनावरे विकून टाकली. आपल्या गोठ्यातील गाईतूनच पुढची गाय निर्माण करावी, हा मणिभाईंचा मूळ विचार या अनुभवाने उलट अधिक योग्य ठरतो. घरच्या गाईची कालवड त्याच उन्हात, त्याच चाऱ्यावर वाढते आणि तिचा भार कुटुंबावर एकाएकी पडत नाही.

वाशिम जिल्ह्यापुरते पाहिल्यास रेतनाचा मुख्य भार सरकारी यंत्रणेनेच वाहिला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पशुवैद्यकीय शिक्षणासाठी अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेकडे पाहत आला. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची सुरुवातही अकोल्यातून झाली आणि पुणे, नागपूर व औरंगाबाद येथील गोठीत रेत प्रयोगशाळांतून गावोगावच्या दवाखान्यांना कांड्या मिळू लागल्या. ही प्रयोगशाळांची साखळी आणि बायफची केंद्रे यांना प्रतिस्पर्धी समजण्याचे कारण नाही. दारात जाऊन सेवा देण्याचा संस्थेचा पायंडा पुढे सरकारी कार्यक्रमांनीही उचलला. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रमात रेतनाचे प्रमाण कमी असलेले जिल्हे निवडून पशुपालकाच्या दारात विनामूल्य रेतन करण्याचे आणि प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून त्याची नोंद ठेवण्याचे ठरले. उरुळीच्या नोंदवहीचीच ही देशव्यापी आवृत्ती म्हणता येईल.

दरम्यान, पैदाशीचे धोरणही देशी जातींकडे झुकले. डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ अभियान सुरू झाले, आणि गीर, साहिवाल यांच्यासह स्थानिक जातींच्या रेतमात्रांची मागणी वाढली. संस्थेच्या दृष्टीने हे मणिभाईंच्या पहिल्या गीर कळपाकडे परतणे होते. वऱ्हाडासाठी याहून जवळची घटना २०२३ ची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस त्या वर्षी स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीत आली. कमी चाऱ्यात निभावणाऱ्या आणि दाट दूध देणाऱ्या या म्हशीसाठी तिच्याच जातीच्या निवडक रेड्यांच्या रेतमात्रा पुरेशा प्रमाणात तयार होणे, हे वऱ्हाडाला परक्या गाईच्या कांडीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

नर वासरांचा प्रश्न मात्र जातीने सुटत नाही. बैलाची मागणी घटलेली आणि २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी लागू, अशा स्थितीत गोठ्यात जन्मलेला प्रत्येक गोऱ्हा गरीब पशुपालकावर खर्चाचा बोजा ठरू लागला. यावरचे तांत्रिक उत्तर म्हणजे लिंगविनिश्चित रेतमात्रा. कालवड निपजवणाऱ्या शुक्रजंतूत गोऱ्हा निपजवणाऱ्यापेक्षा सुमारे चार टक्के अधिक जनुकद्रव्य असते. एका रंगद्रव्याने हा फरक उजळवून लेसर किरणांच्या साहाय्याने दोन्ही वेगळे करता येतात आणि अशा मात्रेतून दहापैकी नऊ वेळा कालवड होते. परदेशी यंत्रांमुळे ही मात्रा महाग होती. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या तंत्राच्या देशी पद्धतीचे आणि देशी गाई व म्हशींच्या जनुकीय तपासणीसाठी तयार केलेल्या 'गौचिप' व 'महिषचिप' यांचे अनावरण झाले. देशी पद्धतीमुळे मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील, असे तेव्हा सांगण्यात आले. हा समारंभ दिल्लीत किंवा पुण्यात झाला नाही, तो वाशिममध्ये झाला.

लिंगविनिश्चित मात्रेत शुक्रजंतूंची संख्या साध्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी असते, त्यामुळे तिला माजाची वेळ अधिक काटेकोर लागते, निरोगी व पोसलेली गाय लागते, आणि तंत्रज्ञाचा हात अधिक सावध असावा लागतो. म्हणूनच कारंजा तालुक्यात तिचा उपयोग होईल की नाही, हे जारमधील नत्र वेळेवर भरले जाते का, सकाळी माजावर आलेल्या गाईचा निरोप दुपारपर्यंत पोहोचतो का आणि संध्याकाळी मोटारसायकल धनजच्या गोठ्यापाशी येऊन थांबते का, यावर अवलंबून आहे.